‘व्हय’पुढचं प्रश्नचिन्ह

मी, धोंडीराम ज्ञानबा मेटकरी, वय एकाहत्तर, धंदा सेवानिवृत्त प्राध्यापक, मूळ सांगोला तालुक्यातला, हल्ली राहणार जुळे सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. माझं यकृत गेलं आहे, डोकं शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणा जिवंत माणसाचा दाब नाही. दाब आहे तो एका बाईचा, आणि ती दहा वर्षांपूर्वी वारली.

कलम १. विद्यापीठात मी अठ्ठावीस वर्षं गुन्हेगारीशास्त्र शिकवलं. त्यासाठी जमवलेली पुस्तकं ग्रंथालयाला द्यावीत. माझा स्वतःचा प्रबंध त्यातून वगळावा. घरातल्या त्याच्या सगळ्या प्रती रद्दीत घालाव्यात. सत्काराच्या सतरा शाली आहेत, एकीचीही घडी मोडलेली नाही. त्या आमच्या स्वयंपाकाच्या काशम्माला द्याव्यात, ती त्यांच्या गोधड्या शिवेल. विभागाने शोकसभा घेऊ नये. मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं, हे मी इतरांच्या शोकसभांत पुरेसं ऐकलं आहे. त्यातली काही भाषणं माझीच होती.

कलम २. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात एक कॅसेट आहे. तिच्यावर माझ्या अक्षरात ‘मायाक्का, २००३’ असं लिहिलेलं आहे. मायाक्का ही मेंढपाळाची बायको. नवरा कोंडीबा विहिरीत मेलेला सापडला आणि खुनाचा आळ हिच्यावर आला. मी तेव्हा प्रबंधासाठी खटल्याची वाट पाहणाऱ्या कैद्यांवर संशोधन करत होतो, म्हणून तुरुंगात जाऊन तिला भेटलो. समोरच्याला डिवचून बोलतं करायची माझी पद्धत होती. मी म्हणालो, “बाई, कोंडीबाला तूच ढकललंस.” टेपवर तिचं उत्तर आहे, “व्हय? म्या ढकललं?”

आमच्याकडे ‘व्हय’ म्हणजे होकार, आणि ‘व्हय?’ म्हणजे ‘काय सांगता!’. फरक फक्त आवाजाच्या चढाचा. माझी आई दिवसातून शंभरदा तसं म्हणायची. पण सोलापुरात शिकायला आलो तेव्हा वसतिगृहातली पोरं मला ‘व्हयव्हय’ म्हणून हाक मारायची. तेव्हापासून ती बोली मी जिभेवरून खरवडून काढली. कैद्यांच्या मुलाखतीही मी झाडूनपुसून शुद्ध मराठीत लिहायचो. त्या दिवशी लिहिलं, “होय. मी ढकललं.” मी फक्त भाषा सुधारतोय, असं मला वाटलं होतं.

पुढे ती नोंद सरकारी वकिलांच्या हाती लागली. त्यांनी मला साक्षीला बोलावलं आणि मी कोर्टात तीच वाचून दाखवली. प्राध्यापक, तोही तिच्याच समाजातला, खोटं कशाला सांगेल? टेप कोणी मागितली नाही, मी दिली नाही. तिला जन्मठेप झाली. तिने ढकललं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. तिने कबूल केलं नव्हतं, एवढं ठाऊक आहे. सदर कॅसेट <s>माझ्या मृत्यूनंतर</s> तिची मुलगी सुकन्या हिला द्यावी.

कलम ३. या मृत्युपत्राची व्यवस्थापक म्हणून मी ऋतुजा गावडे हिला नेमतो. ती माझी पीएच.डी.ची विद्यार्थिनी. २०१३ साली जुन्या टेपा ऐकताना ती धावत माझ्या खोलीत आली. “सर, ही बाई कबूल करत न्हाय की! ही तर विचारतीया!” ती एरवी माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायची. मी तिला झापलं, टेप काढून घेतली, मार्गदर्शक राहायला नकार दिला. तिची पीएच.डी. तिथेच बुडाली. माझ्या निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

मायाक्का तेव्हा जिवंत होती. त्यानंतर दोन वर्षं जिवंत होती. त्यातल्या कुठल्याही दिवशी मी कॅसेट घेऊन कोर्टाची पायरी चढू शकलो असतो. माणूस असं का वागतो, हे मी वर्गात फळ्यावर तक्ते काढून शिकवत होतो. ती तुरुंगातच तापाने गेली.

कलम ४. मागच्या महिन्यात मी मोहोळला गेलो. सुकन्या तिथे बाजारात कांदा निवडते. आई तुरुंगात गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. मामाने शाळेतून काढून मेंढरांमागे धाडली. मी कोण ते सांगितलं नाही, नुसती आईची चौकशी केली. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली,

“आय मला सांगायची, म्या न्हाय ढकललं. आन सायबाम्होरं तिनंच कबूल केलंय, तसा कागुद हाय. बापाला मारलं त्ये मारलं, माज्याशी लबाड कशाला बोलायचं? म्हून म्या तिला बगाया गेले न्हाय. मेली तवा न्यायाबी गेले न्हाय.”

माझ्या तोंडून पन्नास वर्षांनी शब्द निघाला, “व्हय?”

“व्हय,” ती म्हणाली आणि पुढची पाटी ओढली. तिसरी शिकलेल्या त्या मुलीला माझा प्रश्न बरोबर ऐकू आला होता.

त्या प्रबंधावर मला बढती मिळाली आणि बढतीवर हे घर उभं राहिलं. ते सुकन्याला द्यावं. तिने नाकारलं तर आग्रह करू नये. चिरंजीव इंद्रजीत, तुझा पुण्यात फ्लॅट आहे. तुला राग येईल, तो माझ्यावर काढ, तिच्या दारात जाऊ नकोस.

कलम ५. कलम २ मधले ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द मी खोडले असून बाजूला सही केली आहे. व्यवस्थापक होशील का, असं विचारायला मी कुर्डुवाडीला ऋतुजाला फोन केला. ती आता तिथे शाळेत शिकवते. ती म्हणाली, “हुईन. पर तुमी मेल्यावर त्या पोरीनं कुणाला इचारायचं? जित्तेपनी सांगा की.” मला लाज वाटली. उद्या सकाळी ती गाडी घेऊन येणार आहे. आधी सुकन्याला तिच्या आईचा आवाज ऐकवायचा, मी समोर बसायचं, मग कॅसेट घेऊन कोर्टात. तिने मला उठवून लावलं तर मी रस्त्यावर बसेन. रात्रीत माझं बरंवाईट झालं तर ऋतुजाने एकटीने जावं, प्रेतासाठी थांबू नये.

हा मजकूर दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. बसवराज यांनी विचारलं, “सर, हे सगळं खरं आहे?” मी उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहितो, सुधारत नाही: व्हय. पुढे पूर्णविराम आहे, तो नीट पाहून घ्यावा.

सही: धोंडीराम ज्ञानबा मेटकरी

साक्षीदार:
१. डॉ. मल्लप्पा हत्तुरे
२. बसवराज कलशेट्टी, शेजारी, निवृत्त पोस्टमास्तर

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५