पाचूबंदरचा प्रश्न

होळी, वसई
२२ सप्टेंबर २०२४

चि. ऋतिका हिस,
वसुंधरामावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर बोलू असं तू लिहितेस, पण व्हिडिओवर तू माझ्याकडे कमी आणि स्वतःच्या केसांकडे जास्त बघतेस, म्हणून पत्रच बरं.

तुमच्या विद्यापीठाने जागतिक आरोग्याच्या अभ्यासक्रमाचं निर्वसाहतीकरण करायला समिती नेमली आणि विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून तुला घेतलं, हे वाचून फार आनंद झाला. तुझ्या काकांना तो शब्द मोठ्याने वाचायला सांगितला, तर ते ‘निर्व’पर्यंत पोचले आणि अळूला पाणी घालायचं राहिलंय म्हणून उठले. समितीच्या पोस्टरवर मधोमध तुझाच फोटो आहे, तोही माझ्या नारळी काठाच्या साडीत. स्कॉटलंडच्या थंडीत तू रोज साडी नेसून वर्गात जातेस असं त्यांना वाटत असेल तर वाटू दे.

तुमचा कोर्स चालवणाऱ्या डॉ. हेलन विचारतात की वसईच्या लोकांचं म्हणणं काय. तर ऐक. दर हिवाळ्यात तुमच्याकडची मुलं आमच्या नर्सिंग कॉलेजात येतात. मी त्यांना पाचूबंदरला नेते. कोळणींच्या ओट्यावर बसून ती विचारतात, मुलं किती झाली, जगली किती, नवरा पितो का. चहा घेतात, फोटो काढतात, जातात. मग कुठेतरी लेख छापून येतो आणि तळाशी बारीक अक्षरांत आमच्या कॉलेजचे आभार. पोर्तुगीज जाताना निदान पाव तरी ठेवून गेले. तुमची मुलं उरलेली बिस्किटंसुद्धा नेतात.

तेव्हा यंदा माझ्या कॉलेजच्या मुली तिकडे येतील. तुमच्या प्राध्यापकांच्या घरी न सांगता जातील, सोफ्यावर बसतील, आणि आंघोळ आठवड्यातून कितीदा, नवरा पितो का, असं मराठीत विचारतील. दुभाषी म्हणून तू उभी राहा. हे सगळं समितीत जसंच्या तसं सांग.

कान बांधून बाहेर पडत जा. आमच्यावर जीव असू दे. तिकडच्या चीजवर आहे तितका असला तरी पुरे.

तुझी
वसुंधरामावशी

*

ग्लासगो
१० ऑक्टोबर २०२४

ती. मावशीस,
कृ. सा. न. वि. वि. तुझं पत्र मी खरंच समितीत वाचून दाखवलं. सगळे हसले. डॉ. हेलन सगळ्यांत जास्त वेळ हसल्या. पण दुसऱ्या दिवशी मला बोलावून म्हणाल्या की ‘नवरा पितो का’ हा प्रश्न आपल्याला कोणी विचारला असता तर आपण दार लावून घेतलं असतं.

आता आनंदाची बातमी. नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा तयार झालाय आणि अर्धा कोर्स वसईत व्हायचाय. हेलन संचालक, आणि तू स्थानिक समन्वयक. पूर्ण वेळ सहायकाची एक जागाही निघतेय, इथे, विद्यापीठात. फेब्रुवारीअखेर माझा व्हिसा संपतो, तेव्हा ती जागा मला मिळेल असं हेलननी जवळजवळ सांगूनच टाकलंय. मावशी, मला इथे राहायचंय गं. इतकं मनापासून मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

उद्घाटनाला तुझ्या कॉलेजातल्या दोघींना आमंत्रण आहे. रोशनीताईला पाठव ना. इथल्या लोकांना कोळीनृत्य बघायचंय.

सोबतच्या मसुद्यावर सही करून लगेच पाठव. काकांना नमस्कार. माझी आठवण काढत राहा. रागावून काढलीस तरी चालेल.

तुझीच
ऋतिका

*

होळी, वसई
१९ ऑक्टोबर २०२४

चि. ऋतिका हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी नाचाचं. रोशनीला विचारलं. पाचूबंदरची ही माझी जुनी विद्यार्थिनी आता माझ्याच कॉलेजात सामाजिक आरोग्य शिकवते हे तुला माहीत आहे, तुझ्या समितीला नसावं. ती म्हणाली, कोणाच्याही हळदीत सांग, पहाटेपर्यंत नाचेन. पण मास्तरीण म्हणून बोलावणं येईल तेव्हा तिकडे जाईन. हेलनबाई आधी झगा घालून त्यांचा डोंगरी नाच करणार असतील तर मात्र ती फेरविचार करेल.

आता मसुदा. काकांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं की समन्वयक म्हणजे बस ठरवणारा का. मी म्हटलं, बस, डबे आणि पाण्याच्या बाटल्या. ते मी इतकी वर्षं करतेच आहे, त्याला नवा अभ्यासक्रम कशाला?

ऋतिका, चेष्टा बाजूला ठेवते. मी सही करणार नाही. दोन संचालक हवेत, एक तिथला, एक इथला, आणि दोघांचा शब्द सारखा. कशाचा अभ्यास करायचा हे पाचूबंदरच्या बायकांनी ठरवायचं. इथे येणाऱ्या तुमच्या मुलांना आमच्या मुली शिकवतील, त्यांच्यासमोर फक्त बसणार नाहीत. आणि काम वसईत आहे, तर सहायकाची जागाही वसईत हवी.

हे शेवटचं वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. त्या जागेत तुझा जीव अडकलाय हे मला कळतं. पण मी तुझी मावशी म्हणून सही केली तर प्राचार्य म्हणून आरशात बघता येणार नाही, आणि इथे आरसा एकच आहे, तोही काका दाढीला अडवून बसतात.

रागाव, पण जेवण टाकू नकोस. माया आटू देऊ नकोस म्हणजे झालं.

तुझी
मावशी

*

ग्लासगो
२४ नोव्हेंबर २०२४

ती. मावशीस सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही कारण मी तुझ्यावर भयंकर रागावले होते. मनातल्या मनात तुला तीन पत्रं लिहिली. एकात तर तुला हट्टी म्हातारी म्हटलंय. तुझं काय जातंय, असं वाटत होतं. तुझी प्राचार्यपदाची खुर्ची पक्की आहे, घर आहे, अळू आहे. माझ्याकडे इथे एक खोली आणि एक सुटकेस.

मग समितीची बैठक आली. तुझ्या अटी कोण मांडणार असं हेलननी विचारलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. एक ज्येष्ठ प्राध्यापक सौम्यपणे म्हणाले की नेतृत्वाला अनुभव लागतो. मी विचारलं, कुठला? पाचूबंदरच्या बायकांनी आपल्या मुलांना दारातून आत घ्यावं, असा विश्वास मिळवण्याचा अनुभव कोणाकडे आहे?   मग हेलननी विचारलं की जागा वसईला गेली तर ती माझ्या हातून जाईल, हे मला कळतंय ना. मी हो म्हटलं. मावशी, ते ‘हो’ माझ्या तोंडून कसं निघालं मला अजून कळत नाही.

हेलन बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या की हा कोर्स त्यांनी शून्यातून उभा केलाय आणि अर्धा देऊन टाकताना दुखतंय, ते लपवणार नाहीत. पण देतील. परवा विद्यापीठाची मंजुरी आली.

म्हणजे मी स्वतःच्या तोंडाने स्वतःची नोकरी बोटीत घालून वसईला पाठवली. जिन्यात बसून रडले, नंतर व्हिनेगर घातलेले चिप्स खाल्ले. अभिनंदन, संचालिकाबाई. त्या जागेसाठी मी अर्ज करणार नाही; मावशीने भाचीला चिकटवली असं कोणी म्हणायला नको. विरारच्या एका हॉस्पिटलात विचारून ठेवलंय.

तुझ्यावरचा राग साधारण नाताळपर्यंत राहील असा अंदाज आहे. तोवर सांभाळून घे.

ऋतिका

*

होळी, वसई
१५ डिसेंबर २०२४

चि. ऋतिका हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र काकांनी मला वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा ओला झाला होता. हट्टी म्हातारीतलं म्हातारी मागे घे, हट्टी राहू दे.

आता माझी फजिती ऐक. तुला हसायला मिळेल, आणि या वर्षी तुझा तेवढा हक्क आहे.

मंजुरी आली तशी मी नवी साडी नेसून, रोशनीला घेऊन पाचूबंदरला गेले. रोशनीची आई धोंडूबाई मासळी बाजारात बसते, तिच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. मी म्हटलं, यंदा विषय तुम्ही निवडायचा. आणि लगेच सांगून टाकलं की माझ्या मते अंगात रक्त कमी असणं हा विषय उत्तम. तुला ठाऊक आहे, माझा जन्म त्याच विषयात गेला.

धोंडूबाई म्हणाली, बाई, आमाला विचारता का सांगता? मग म्हणाली की बाजारात बसल्यावर त्या पानीच पीत नाहीत. पानी प्यायलं तर जायला लागेल, आणि जायला जागाच नाही. बाजारामागच्या बायकांच्या मोरीत कोणीतरी बर्फाच्या पेट्या भरून कुलूप ठोकलंय. त्यापायी एकीला मुतखडा, दुसरीला सारखी जळजळ. एवढे लोक येऊन विचारून गेले, नवऱ्याच्या दारूचं विचारलं, पोरांचं विचारलं, हे कोनी विचारलं नाही. बाकीच्या पदर तोंडाला लावून हसत होत्या, पण माना सगळ्यांच्या हलत होत्या.

मी विषय मान्य केला. इथवर मी मोठ्या मनाची होते. मग तिने विचारलं, आपल्या बाजूचा मोठा साहेब कोन? मी म्हटलं, मीच की.  धोंडूबाई म्हणाली की बाई चांगल्या आहेत, पन बाई नेहमी त्या परदेशी पोरांबरोबर गाडीतून येतात आनि त्यांच्याबरोबरच जातात. आमच्यातली पोर शिकवते ना तुमच्याकडे? रोशनी जमिनीकडे बघत होती. तिला हे नको होतं, खोटं नाही सांगत.

परतीच्या वाटेवर मी रोशनीशी एक शब्द बोलले नाही. घरी येऊन काकांना सांगितलं की लोक उपकार विसरतात. त्यांनी चहा पुढे केला आणि विचारलं, ग्लासगोला ज्या अटी पाठवल्या त्या वसईला लागू नाहीत का? असा राग आला म्हणतेस! चहा निवला, मी निवले नाही. त्या दिवशी कळलं की हेलनबाई खिडकीबाहेर काय बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी रोशनीला बोलावलं आणि संचालक म्हणून तिचं नाव ग्लासगोला कळवून टाकलं. ती नको नको म्हणत रडली, मग बसून वेळापत्रक करायला लागली. पहिल्याच तासाला मला विद्यार्थ्यांत बसवलंय.

तुझा राग नाताळला संपतोय ना? केळी वाळवून सुकेळी बांधून ठेवलीत. प्रेम करत राहा, आता माझ्याकडे पद नाही.

तुझी माजी संचालिका
मावशी

*

ग्लासगो
३ जानेवारी २०२५

ती. माजी संचालिकाबाईंस सा. न. वि. वि.

बसमध्ये वाचताना इतकी हसले की शेजारच्या आजींनी तब्येत विचारली. मग घरी येऊन परत वाचलं तेव्हा हसू आलं नाही. मावशी, मला वाटलं होतं तुझं काही जात नाहीये.

तू स्थानिक समन्वयक व्हायला मोकळी आहेस. पाण्याच्या बाटल्यांचा तुझा अनुभव दांडगा आहे.

विरारची नोकरी मिळाली. फेब्रुवारीत येते. इथे राहायचं होतं, ते अजून दुखतं, पण आता तुझ्यावरचा राग त्यात नाही. हेलन कोर्ससाठी निघाल्यात. त्यांना सांगितलंय की तुझ्याशेजारी बसा, तिथे करमणूक होते.

राग संपला, खाली उरलेली माया तुझीच.

ऋतिका

*

पाचूबंदर, वसई
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय ऋतिका,
स. न. वि. वि. तुझ्या मावशी, म्हणजे आमच्या मॅडम, लिहिणार होत्या. मी म्हटलं, हे मी लिहिते, नाहीतर तुम्ही स्वतःचा भाग गाळाल.

पहिला तास मासळी बाजारात घेतला. तुमच्याकडची मुलं आणि आमच्या मुली, सगळ्यांना सकाळी बाटलीभर पाणी प्यायला लावलं आणि बाजार उठेपर्यंत एकेका कोळणीशेजारी बसवलं. उठायचं नाही. ऊन चढलं तशी बोलणी बंद झाली. एक उंच गोरा मुलगा पाय हलवायला लागला आणि पापलेटांकडे अशा नजरेने बघू लागला की गिऱ्हाईक परत गेलं. मॅडम ताठ बसून होत्या. विचारलं तर म्हणाल्या, मला काही होत नाहीये.

माझ्या आईने हेलनबाईंना विचारलं, तुमच्यात बाया काम करतात तवा कुटं जातात? आमची नवी सहायक पिंकी भाषांतर करत होती. हेलनबाई लाल झाल्या. मग त्यांनी सांगितलं की तरुणपणी ऑपरेशन थिएटरमध्ये त्या पाणी न पिता दिवस काढायच्या, कारण बाहेर गेलं की पुरुष डॉक्टर हसायचे, आणि त्यातून मूत्रपिंडाचं दुखणं जडलं.  आईने मासळीची पाटी सरकवली आणि त्यांना सावलीत जागा करून दिली. नंतर त्या दोघी आपापल्या भाषेत बराच वेळ बोलत होत्या. पिंकीला कोणी विचारलंच नाही.

ठरलं असं होतं की अहवाल लिहायचा आणि मागणी करायची. पण बायकाच उठल्या. बाजारामागे जाऊन आईने कुलूप तोडायला लावलं, आणि आम्ही सगळ्यांनी रांग लावून बर्फाच्या पेट्या बाहेर काढल्या. पेट्यांचा मालक ओरडत आला. मॅडमनी त्याला प्राचार्यांच्या आवाजात असं काही विचारलं की तो स्वतःच शेवटची पेटी उचलून गेला. नळ दुरुस्त करायला तीन दिवस गेले. आता पाणी येतं. आत दिवा हवा, बाहेर पायरी हवी, ते पुढच्या तुकडीचं काम. दुखण्यांची तपासणी सुरू झालीय, त्यात मॅडम रोज येतात. गाडी घरी ठेवून येतात.

तू येशील तेव्हा थेट बाजारातच ये. मोरीला आता आमचं कुलूप आहे आणि चावी आईकडे असते. मागायला लाजू नकोस. तुझ्या मावशी लाजल्या नाहीत. दार उघडलं तेव्हा सगळ्यांना मागे सारून पहिल्या त्याच आत गेल्या.

येईपर्यंत ओढ असू दे, आम्हाला आहे.

तुझी
रोशनी