लवंग महाग होती

आये, तुला जाऊन लई वर्सं झाली, आन् तुझा खरा राग मला ह्या आठवड्यात आलाय. मी कंपनीच्या कँटीनमधी चपात्या लाटते, तिथं आम्हा सगळ्यांची तपासणी झाली. डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. माझ्या तोंडात बॅटरी मारली, गाल बोटानं वढून बघितला. मग म्हणाली, "मावशी, गालाला आतून पांढरा चट्टा आहे. तुकडा काढून तपासावा लागेल. मिश्री लावता का?" मी म्हणले, "व्हय." "कधीपासून?" मी म्हणले, "दुधाचं दात पडायच्या आधीपासनं." ती लिहिता लिहिता थांबली. सोमवारी पुण्याला बोलावलंय.

जेवायच्या सुट्टीत सुपरवायझर ताट घेऊन उभा. सगळं कानावर पडलं व्हतं त्याच्या. म्हणतो कसा, "सरकारनं तंबाखूच्या पुडीवर दणकून टॅक्स लावला पायजे. खिशाला चटका बसल्याबिगर ह्या बायका सोडत न्हाईत." माझं डोकंच फिरलं. म्हणले, "सायेब, तुमच्या बाटलीवर इतकी वर्सं लावत्यात, सुटली का?" कामावरची पोरं हसली, त्यो बी हसला. मला हसू आलं न्हाई. पुडी महागली की मी पुडी सोडत न्हाई, घरातलं दूध कमी करते. सून चहाच्या रंगाकडं बघती. मग चटका बसला कुणाला? माझ्या नातीला. विकू बी सरकारनंच द्यायचं आन् वर आपला वाटा बी खायाचा. चोराला म्हणे चोरी कर, सावाला म्हणे सावध राहा. एवढाच कळवळा हाय तर बंद करा की. त्ये न्हाई जमायचं त्येंना. असं मनातल्या मनात भांडतच मी कंपनीच्या गाडीत बसले.

वाटंत न्हावरं गाव येईस्तवर सरकार बाजूला राहिलं आन् तू समोर आलीस. आपल्या निमोण्याच्या घरातलं सैपाकघर. तू तव्यावर तंबाखू भाजतीयास, काळी होईस्तवर, आन् धुरानं माझं डोळं झोंबत्यात. मी दाढ धरून चुलीपाशी रडतीया. म्हातारी आजी बाहेरनं म्हणती, "अगं, लवंग दी की पोरीला दाढंखाली." तू म्हणतीस, "लवंग काय वाटंवर पडलीया? उद्या पाव्हणं यायचं हायत, मसाल्यापुरतीच हाय." आन् तव्यावरची चिमूट चुरून, गार करून तू माझ्या दाढंवर दाबलीस. मला गरगरलं, वकारी आली, आन् दाढ थांबली. "बघ, गेली का न्हाई?" म्हणून तू तोंडावरनं हात फिरवलास. पुढं सासरी धाडताना पितळी डबी दिलीस, मिश्रीनं भरून. तुझा गाल सडला, पेज बी गिळंना, तवाबी तू खुणेनं डबीच मागायचीस. त्या डबीपुढं आम्ही लेकरं तुला कवा दिसलोच न्हाई.

त्या सुपरवायझरचा राग अजून जात न्हाई, कारण त्यो अर्धं खरं बोलला. मला आता महागाईनं काय व्हायचं न्हाई. पण त्या दिवशी तंबाखू लवंगंपेक्षा महाग असती, तर तू ती माझ्या दाढंवर वाया घालवली असतीस का? तू ती स्वतःला जपून ठेवली असतीस आन् मला म्हणली असतीस, घे लवंग, चाव. तुला वळखून हाय मी. पाव्हण्याच्या मटणाला लवंग आन् पोटच्या पोरीला तंबाखू, हाच तुझा हिशोब व्हता. म्हणून ज्या टॅक्सला मी शिव्या घातल्या, त्योच तवा लागायला पायजे व्हता, असं वाटतंय. आन् तसं वाटतंय म्हणून आणखी चीड येती.

काल संध्याकाळी नातीची दाढ ठणकायला लागली. सून अजून कामावर. माझ्या घरात लवंग बरणीभर असती, हाताशी, फळीवर. तिला एक दिली, चावून चावून ती माझ्या मांडीवर झोपली. सून आली, म्हणली, "बरं झालं, तुम्ही व्हता घरात." तिलाबी सांगितलं न्हाई आन् डॉक्टरणीलाबी सांगणार न्हाई. हे पत्र कुठं धाडायचं न्हाई, म्हणून तुला सांगते. पोर रडायला लागली तवा बरणी डोळ्यापुढं व्हती, आये, आन् माझा हात आधी डबीकडंच गेला.