भुवईखालचं चाक

मुक्काम हैदराबाद
कार्तिक वद्य ५, सन १३५० फसली

ती. वच्छलाआक्कास धाकट्या धुळाजीचा दंडवत. मी खुशाल. तू, माय अन् मेंढरं खुशाल असाल असं धरून चालतो. मास्तर वाचून दाखवतात, त्यांचे उपकार.

आक्का, हाटेल सोडलं, कापसाची गिरणीबी सोडली. आता डोळ्याच्या दवाखान्यात झाडलोट करून राह्यलो. इथून मात्र हलावं वाटत न्हाई.

इथं प्लास्टरचा एक डोळा आहे, नारळाएवढा. तो पुसायचं काम माझं. डाक्टरसाहेब पोरांना शिकवतात तवा मी फडकं घेऊन दाराशी उभा राहतो. डोळा सहा दोऱ्यांवर फिरतो, आक्का, मांसाच्या दोऱ्या. चार सरळ, दोन तिरप्या. तिरप्यातली एक तर बघतच राहावी. मागून निघते, नाकाजवळ भुवईखाली बारीक कडी आहे तिच्यातून वळते, अन् मंग डोळ्याला येऊन चिकटते. बिलकुल आबारावाच्या विहिरीवरची मोट. नाडा चाकावरून वळतो म्हणून बैल पुढं जातो अन् मोट वर येते, तसं. उतरताना खालची पायरी बराबर दिसते ती हिच्यामुळं. एवढं बारीक चाक कोणी बसवलं असंल?

मी विचारलं, "साहेब, ते चाकच निखळलं तर?"

साहेब हसले. "अच्छा पूछा, धुळाजी. एक के दो दिखते. सीढ़ी उतरते गिरता. एक दिखना बोलके गर्दन टेढ़ी रखता."

म्हंजे एकच दिसावं म्हणून माणूस मान वाकडी ठेवतो.

तू बारवेत उतरताना पडायचीस. घागर फुटायची, मायचा मार खायचीस. "धुळ्या, पायऱ्या दोन दोन दिसतात रे," म्हणलीस, तर मी म्हणलो, "मंग खालच्यावर पाय दे." मान वाकडी म्हणून दोन सोयरिकी मोडल्या. हाडं बसवणाऱ्या सगुणाबाईनं चार वर्षं तेल लावून मान पिळली. मान चांगली आहे तुझी. डोळ्याचं काम तिनं अंगावर घेतलं. पौषात सगुणाबाई झटका देऊन मान बसवणार म्हणून कळलं. तिला हात लावू देऊ नको.

मास्तर, आता पुढचं मोठ्यानं वाचा, मायला ऐकू जाईल असं.

माय, आक्काला मेंढ्यानं मारलं न्हवतं. तू त्याला कसायाला दिलंस, तो बिनकसुरीच गेला. गोफणीतला खडा माझा होता. तिच्या डोईवरची घागर फोडून दाखवणार होतो. नेम चुकला, खडा तिच्या भुवईखाली नाकाजवळ बसला. आक्कानं पदरानं रक्त पुसलं अन् मी तोंड उघडायच्या आत तुला म्हणली, "मेंढ्यानं मारलं." आठ वर्षं तिनं ते कोणाला सांगितलं न्हाई, मलाबी बोलून दाखवलं न्हाई. अशी बाई मी दुसरी पाह्यली न्हाई. माझा पाय घरात का ठरला न्हाई, ते आता कळलं असंल.

साहेब म्हणतात, आणा, बघून सांगतो. खात्री दिली न्हाई. परतूरला गाडीत बसा. मी टेसनावर उभा राहतो. उतरताना आक्काचा हात धर, माय. गाडीच्या पायऱ्या तिला दोन दिसतील.

तुम्ही येईपर्यंत इथून न हलणारा,
धुळ्या