बाबांची मोटरसायकल आणि माझा शांत स्वभाव

३ मार्च, सकाळी
डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, संताप सोडा, एखादा छंद लावून घ्या. छंद आहेच की! कपाटात जुनी घड्याळं, गॅरेजमध्ये बाबांची मोटरसायकल. नुसतं त्यांच्याकडे बघितलं तरी जीव सुखावतो. आजपासून संताप बंद. डॉक्टरांशी थोडी झटापट झाली, पण सुरुवात त्यांनी केली.

५ मार्च
संग्रहात एकच उणीव. बाबांचं मनगटी घड्याळ. ते धाकट्या भावाकडे. फोनवर पैज लागली. रविवारपर्यंत मी गाडी चालू केली तर घड्याळ माझं, नाही झाली तर गाडी त्याची. बाबा गेल्यापासून गाडी बंद आहे, पण आपण मनावर घेतलं की झालं.

६ मार्च
किक मारली. किकने मला मारलं. नडगीवर. डोळ्यांपुढे काजवे चमकले. शांतपणे पाना उचलला आणि शांतपणे पेट्रोलच्या टाकीवर हाणला. टाकीला पोचा. बायकोने विचारलं, आवाज कसला? म्हटलं, ट्यूनिंग.

७ मार्च
धाकट्याचा फोन. म्हणाला, दादा, हँडलवरचा छोटा खटका आधी मागे घे, नाहीतर किक उलटी येते. बाबांनी त्याला दाखवलं होतं म्हणे. मला का नाही दाखवलं? थोरला मी! सरळसरळ फसवतोय. खटका पुढेच ठेवून तारेने करकचून बांधला. किक मारली. शेल्फवर जाऊन आदळलो. सगळे डबे डोक्यात. शेल्फ लाथेने मोडलं. तसंही ते डुगडुगत होतं.

८ मार्च
मेकॅनिक बोलावला. आल्या आल्या तार कापायला निघाला. धाकट्याला फितूर! गचांडी धरून बाहेर काढला. जाताना त्याने तोंडावर एक ठेवून दिली. तरी मी आवाज चढवला नाही. ओठ सुजला होता, पण नियत महत्त्वाची.

९ मार्च, रविवार, डाव्या हाताने
धाकटा आला. तार बघून हसला. मी फक्त एक दिली. त्याने दोन. पन्नाशीतले आम्ही दोघे भाऊ गाडीच्या ग्रीसमध्ये लोळतोय आणि शेजारी दारात उभे. मी ओरडलो, बाबांचा लाडका तूच! तो म्हणाला, मग शेवटी दवाखान्यात तुझंच नाव का घेत होते? मी त्याला चावलो. धक्क्याने गाडी कलंडली, माझ्या उजव्या हातावर.

धाकट्याने गाडी उचलली, तार तोडली, खटका मागे घेतला. एका किकमध्ये चालू. माझं ट्यूनिंग, दुसरं काय! मला मागे बसवून दवाखान्यात नेलं. लहानपणी बाबांच्या पाठीला असाच चिकटून बसायचो. रडू आलं. हात फार दुखत होता.

१२ मार्च
पैजेप्रमाणे धाकटा गाडी घेऊन गेला. घड्याळ मात्र माझ्या उशाशी ठेवून गेला. भीक घालतोय मला! भिंतीवर आपटणार होतो. म्हटलं, आधी चालू तर करून बघू. चावी द्यायची तर एका हाताने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. उजवा हात प्लास्टरमध्ये. दातांनी प्रयत्न केला. दात हलला. बायको म्हणाली, आणा, मी देते. तिला हात लावू दिला नाही. मग तिने विचारलं, भावजींना बोलावू का? तिला उशी फेकून मारली.

त्याच दिवशी, दुपारी
बोलाव म्हणालो.