पायाची आतली लांबी

रविवार, दि. ११ ऑक्टोबर
दुकानातून, दुपारी

तीर्थरूप ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. इकडे सगळे ठीक आहोत. बायकोचा खांदा आता बराच मोकळा झालाय, मुलीची परीक्षा संपली आणि ती दिवसभर झोपते. दुकानात गणवेशांची घाई उरकली. आज दुकान बंद आहे, पण घरात लिहायला बसलो असतो तर कुणीतरी ‘काय लिहिताय’ विचारलं असतं, म्हणून शटर अर्धं ओढून कापायच्या टेबलावर बसलोय. माझं अक्षर तुला लागेल. औषधांच्या दुकानात बावीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचतेस, त्यापुढे माझं काय!

तू विचारलंस, ‘तू तिथे होतास. हे खरंच कुणाला न विचारता तुझ्या गाडीवर बसले का? तू सांगशील ते मी खरं धरीन.’ फोन करणार होतो. पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी मधेच माघार घेतो. दहा आठवडे तू भावोजींशी बोलत नाहीस, घरात चिठ्ठ्यांवर कारभार चाललाय, आणि तुझा निकाल माझ्या एका उत्तरावर अडलाय. तेव्हा मुळापासून सांगतो. थोडा धीर धर.

तुला ठाऊक आहे, ही हौस मला दुकानातच लागली. गावाबाहेर टेकडीजवळ मातीवर मोटरसायकली चालवायचं मैदान आहे. तिथला शिकवणारा माझ्याकडे गुडघ्याला गादी लावलेल्या पँटी दुरुस्तीला आणायचा. एकेक पँट अशी फाटलेली, की आत माणूस होता की नव्हता असं वाटावं. शिवता शिवता विचारत गेलो. एकदा तो म्हणाला, ‘मास्तर, पँटी शिवून किती दिवस भागवणार? या एकदा.’ गेलो. मागे बसवून त्याने एक चक्कर मारली आणि मी सेहेचाळीस वर्षांचा माणूस उतरल्यावर खुळ्यासारखा हसत सुटलो. सव्वीस वर्षं एका जागी बसून पाय मारतोय, ताई. पायाखालून जमीन पळते तेव्हा कसं वाटतं, हे मला माहीतच नव्हतं.

गाडी घ्यायची म्हटल्यावर तू विरोध केलास. मग म्हणालीस, घ्यायचीच तर दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी घे. मी हो म्हणालो. नंतर फोनवर सांगितलं, ‘लहानच घेतली गं, सायकलीएवढी.’

ते खोटं होतं. इथून सुरुवात.

गाडी बघायला भावोजींना बरोबर नेलं होतं. तीस वर्षं बस चालवणारा माणूस, गाडीतलं त्यांना कळतं. जुन्या गाड्या विकणारी एक मेकॅनिक बाई आहे, पस्तिशीची, हात कोपरापर्यंत काळे, बोलणं सरळ. मी आत शिरलो तो थेट एका उंच, लाल गाडीपाशी. ती म्हणाली, ‘काका, पहिलीच ना? मग बघायला चांगली दिसते ती नको, पडायला चांगली ती घ्या. पहिल्या दिवशी दहा वेळा पडाल. जी एकट्याने उचलता येईल ती तुमची.’ आणि कोपऱ्यातली एक हिरवी दाखवली. बसकी, हलकी, पत्रा दोन ठिकाणी चेपलेला. भावोजींनी तिचा क्लच दाबून पाहिला आणि म्हणाले, ‘मेहुणे, हीच. डोळे झाकून घ्या.’

मला ती हिरवी बघवेना. तुला हसू येईल, पण शाळेत मला दीडफुट्या म्हणायचे ते मी अजून विसरलेलो नाही. शेजारी सहा फुटांचे भावोजी उभे. मैदानावरचे सगळे उंच गाड्यांवर. आणि मी त्या खेळण्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसणार?

बाईने विचारलं, ‘पायाची आतली लांबी किती? त्यावर सीट ठरते.’

मी म्हणालो, ‘एकतीस.’

ताई, माझी अठ्ठावीस आहे. स्वतःच्या पँटी मी स्वतः कापतो. या गावात हा आकडा माझ्याइतका पक्का कुणाला माहीत असणार? बाईने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि म्हणाली, ‘टेप लावू का?’ मी छाती काढून म्हणालो, ‘बाई, टेप लावण्यातच जन्म गेलाय माझा. शिंप्याला माप सांगू नका.’ ती बिचारी वरमली. धंद्यातल्या माणसाचा शब्द म्हणून तिने धरला. लोक पँट सैल हवी असली की पोट एक इंच वाढवून सांगतात, लाज वाटली की कमी करून सांगतात. मी नेहमी मनात हसतो आणि टेप सांगेल तेच लिहितो. एवढ्या वर्षांत मी एकच खोटं माप दिलं, ते माझं.

लाल गाडी ओट्याला लागून उभी होती. बसलो तर डावा पाय ओट्यावर आरामात टेकला. उजवीकडे पाहिलंच नाही. भावोजींनी दोनदा ‘अंथरूण पाहून पाय पसरा’ म्हणून पाहिलं, मग सोडून दिलं. हौस मेहुण्यांची, मी काय बोलणार, असा त्यांचा स्वभाव.

पहिले दोन रविवार सपाटीवर निभावलं. निघताना कुणीतरी धरायचं, थांबताना झाडाशी थांबायचं. हे शिकवणाऱ्याच्या लक्षात आलं असणार. तो म्हणाला, ‘मास्तर, चढावर इतक्यात नको.’ तिसऱ्या रविवारी, दोन ऑगस्टला, भावोजी बघायला आले. त्यांच्यासमोर मला चढ चढून दाखवायचा होता. झालं.

अर्ध्या चढावर इंजिन बंद पडलं. मी डावा पाय खाली टाकला, तर खाली जमीन नव्हती. उताराची बाजू होती ती. एरवी तीन इंच कमी पडायचे, तिथे हातभर कमी पडलं. भावोजी पाण्याची बाटली घेऊन चारच पावलांवर उभे होते. मला सावरायला धावले, त्यांनी हँडल धरलं. मी दुसऱ्या बाजूने उडी मारून मोकळा झालो आणि एकशे दहा किलोची गाडी त्यांच्या डाव्या घोट्यावर आली.

ते माझ्या गाडीवर बसले नव्हते, ताई. एकदाही नाही. पडलो मी. पाय त्यांचा मोडला.

आता पुढचं लिहितो. हे शिकवणाऱ्यालाही माहीत नाही, तो तेव्हा पलीकडे होता. मी उठलो आणि आधी गाडी पाहिली. टाकीवर ओरखडा आला होता. मी बाहीने तो पुसला. खाली माणूस, माझ्या बहिणीचा नवरा, ज्याने माझ्या लग्नात धावपळ करून पायताण झिजवलं तो, आणि मी टाकी पुसतोय. भावोजी खालून म्हणाले, अगदी हळू, ‘मेहुणे, पुसा नंतर. आधी उचला.’

आणि मला उचलता येईना. तीन वेळा जोर लावला. प्रत्येक वेळी गाडी जरा हलायची आणि पुन्हा त्यांच्यावर बसायची. शेवटी ओरडलो. शिकवणारा धावत येईपर्यंत दहा मिनिटं तरी गेली असतील. एवढ्या वेळात भावोजी एकदा ‘आई गं’ म्हणाले, बाकी काही नाही.

इस्पितळात प्लास्टरच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्यांनीच ठरवलं. म्हणाले, ‘तुमच्या ताईला सांगू, मला हुक्की आली, मीच बसलो.’ मी नको म्हणालो. ताई, खरं सांगतो, एकदाच नको म्हणालो आणि तेही हळू आवाजात. ते म्हणाले, ‘अहो, तिने तुम्हाला आईमागे वाढवलंय. तुमच्यावर चिडली तर स्वतःलाच खात बसेल. माझ्यावर चिडेल आणि आठ दिवसांत विसरेल. तीस वर्षांचा अनुभव आहे मला.’ आणि हसले. मलाही हायसं वाटलं. हायसं वाटलं, हेच मला सहन होत नाही.

आठ दिवसांत तू विसरली नाहीस. विसरशील कशी? डावा पाय म्हणजे क्लच. निवृत्तीला दोन वर्षं असताना बस हातातून गेली आणि ते डेपोत हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसले. लोकांच्या छत्र्या आणि डबे परत करतात. कालचे जोडीदार येता जाता विचारतात, ‘काय काका, पुढची शर्यत कधी?’ ते हसतात. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही. आणि चोर रोज नऊ वाजता दुकान उघडतो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण ऑगस्टअखेर मी तुमच्याकडे जेवायला आलो होतो, आठवतं? तू वाढता वाढता म्हणालीस, ‘तू तरी यांना काही सांग. तू शहाणा आहेस.’  आणि तोंडातला घास गिळून मी काय म्हणालो? म्हणालो, ‘भावोजी, हौसेलाही वय असतं.’

ते ताटाकडे बघत म्हणाले, ‘चुकलं खरं.’

तू मला आणखी वाढलंस. मी जेवलो. लाज कशाला म्हणतात ते मला त्या ताटावर कळलं आणि तरी मी हात धुऊन, सुपारी चघळत घरी आलो. त्यानंतर सहा आठवडे मूग गिळून बसलो. तुझं पत्र आलं नसतं तर अजून बसलो असतो. स्वतःहून सुचलं असं खोटं सांगत नाही.

शुक्रवारी डेपोत गेलो. खिडकीत वाकून म्हणालो, ‘भावोजी, मी ताईला सगळं लिहिणार.’ त्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवला. ‘काही गरज नाही. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे. तिला एकच भाऊ आहे.’ मागे रांगेत एक बाई टिफिन शोधायला उभी होती, ती घाबरून मागे सरकली. मी म्हणालो, ‘तिला एकच नवराही आहे.’  ते त्या बाईला म्हणाले, ‘कुठल्या रंगाचा होता हो डबा?’

तिथून मेकॅनिक बाईकडे गेलो. लाल गाडी तिच्या दारात सोडली आणि म्हणालो, माप खोटं सांगितलं होतं. तिने भिंतीवरचा टेप काढला, मला भिंतीला उभं केलं आणि मोजलं. ‘अठ्ठावीस,’ म्हणाली. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. हिरवी अजून तिथेच आहे, घ्यायची तर महिनाअखेरपर्यंत ठेवते म्हणाली. 

बायकोला काल सांगितलं. ती म्हणाली, ‘पत्र तुम्ही स्वतः टाका. मुलीच्या हाती देऊ नका.’ म्हणून मीच टाकतोय.

माझ्यावर तू रागाव. मी समजूत घालायला येणार नाही, कुणाला मध्ये घालणार नाही. बोलावशील तेव्हा येईन, आणि पाच वर्षं बोलावलं नाहीस तरी तो तुझा अधिकार आहे. पण एक ऐक. भावोजींना माहीत नाही की मी हे पत्र टाकतोय. ते कामावरून साडेपाचला येतात. डावा पाय ओढत तीन जिने चढतात आणि स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत येतात, कारण आत कुणी उठणार नाही हे त्यांना आता पाठ झालंय.

हे पत्र ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी दार तू उघड.

पत्राच्या शेवटी ‘आशीर्वाद असू दे’ लिहायची मला सवय आहे. आज हात पुढे सरकत नाही.

तुझा,
धाकटा