एक मिनिट, हसून येतो

प्रिय अण्णा,

उद्या संध्याकाळी सात वाजता तुम्ही टीव्हीवर मरणार आहात. खरोखर गेलात त्याला महिना होत आला, पण मालिकेतला तुमचा शेवटचा भाग आत्ता लागतोय. त्याआधी तुमच्याशी एका गोष्टीचा निकाल लावायचाय, म्हणून लिहितेय.

तुमच्या मरणांची आम्हाला लहानपणापासून सवय. पाटबंधारे खात्यातली कारकुनी सांभाळून, रजा काढून तुम्ही शूटिंगला जायचात आणि तिसऱ्या-चौथ्या सीनला मरून परत यायचात! हवालदार होऊन गोळी खाल्लीत, सरपंच होऊन विहिरीत पडलात, नायिकेचे वडील होऊन तर कितीदा छातीवर हात ठेवलात. पोस्टरवर मात्र कधी आला नाहीत. थिएटरात शेवटच्या पाट्यांमध्ये तुमचं नाव येईपर्यंत लोक जिन्यापर्यंत पोचलेले असायचे आणि आपण तिघं खुर्चीला चिकटून. नाव आलं की आई टाळ्या वाजवायची, एकटीच. मला लाज वाटायची. आता सांगते, तुम्ही फार चांगले नट होतात. दुसरा बोलत असताना मागे उभं राहून ऐकावं कसं, हे तुमच्याइतकं कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही.

आणि तो तुमचा रिवाज! मरणाचा सीन झाला की कॅमेऱ्याकडे बघून हसायचं, म्हणजे खोटं मरण अंगाला लागत नाही. तो हसरा शॉट घेतल्याशिवाय तुम्ही मेकअप पुसायचा नाहीत. आई तर दारातच अडवायची. "हसलात का?" "हसलो." मग पाणी मिळायचं. मी पडले शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. किती चेष्टा केली मी तुम्हा दोघांची!

इगतपुरीला या मालिकेतल्या मरणाचं शूटिंग होतं, त्या दिवशीही केलीच. तुम्हाला न्यायला मी गाडी घेऊन आले होते. बंगल्यातल्या त्या खाटेवर तुम्ही असे मेलात की युनिटमधल्या दोघी डोळे पुसत होत्या. पण तेवढ्यात धुकं उतरलं, उजेड गेला आणि दिग्दर्शकाने पॅकअप सांगितलं. मला घरी येऊन नववीचे पेपर तपासायचे होते. तुम्ही म्हणालात, "एक मिनिट, हसून येतो." आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "अण्णा, पुरे हा खुळेपणा. चला."

तुम्ही निमूट आलात. गाडीपाशी आल्यावर शाल आत राहिली म्हणून परत गेलात, तर मी तेवढ्यातही हॉर्न वाजवत बसले. घोटीपर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. घरी आईने विचारलं, "हसलात का?" तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत, मग म्हणालात, "हसलो." मला वाटलं, मला पाठीशी घालताय.

आठवड्याने एका सकाळी तुम्ही पेपर वाचता वाचता खुर्चीतून उठलाच नाहीत. सटाण्याच्या आत्याला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "कोणती सिरियलमा व बाई?" काय सांगू तिला? "सिरियलमध्ये नाही, आत्या. घरी."

माणसं हृदय बंद पडून जातात, न हसल्याने नाही. वर्गाला मीच शिकवते हे. पण तेराव्याला आई म्हणाली, "इगतपुरीला हसले होते ना गं ते? तू होतीस तिथे." मी म्हटलं, "हो आई, हसले." तेव्हापासून तिच्या नजरेला नजर देता येईना. का नाही दिलं मी ते एक मिनिट? आणि तुम्ही तरी का ऐकलंत माझं? एरवी कधी ऐकलं होतंत?

काल केतकीचा फोन आला, तुमच्या मालिकेची सहायक दिग्दर्शिका. "ताई, त्या दिवसाचं थोडं फुटेज शिल्लक आहे. पाठवू?" स्टाफरूममध्ये बसून पाहिलं. रिकामी खाट. तुम्ही आत येता, शाल उचलता, खांद्यावर टाकता. मग कॅमेऱ्यासमोर येऊन विचारता, "चालू हाय का रे अजून? मग घे पटकन. लेक माझी लय कडक हाय, सोडून जाईल." आणि बाहेरून माझा हॉर्न! तो ऐकून तुम्ही जे हसलात अण्णा, पडका दात दिसेपर्यंत, पोट धरून. हॉर्न वाजतोय आणि तुम्ही हसताय.

शाल मुद्दाम विसरला होतात ना? घोटीपर्यंतचं ते गप्प बसणंही नाटकच? सगळ्या जगाला तुमचा अभिनय कळला, मी शेजारी बसून फसले. स्टाफरूममध्ये मी रडले आणि हसलेही, आणि शिपाईमामांनी न विचारताच चहा आणून ठेवला.

तर आता ऐका. उद्या आत्याही येतेय. पाट्या कितीही भरभर पळाल्या तरी तुमचं नाव आलं की टाळ्या आई एकटी वाजवणार नाही. मग टीव्ही बंद करून मी तिला सगळं सांगेन: तुम्हाला मिनिट मी दिलं नव्हतं, आणि तेराव्याला न बघताच "हसले" म्हणाले होते. रागावली तर रागावू दे. त्या फुटेजमधला तुमचा हसरा फोटो भिंतीवर लागेल, आणि त्याला हार घालायचा नाही, हे मी आत्याला आधीच बजावलंय.

आई पुन्हा विचारेल, "हसले होते ना गं?" या वेळी पाहून सांगेन, अण्णा. "हसले, आई. मलाच हसले."

तुमची कडक लेक,
सुमन