सतरा तासांचं विमान

३ तारीख, सोमवार
लेक रविवारी येतेय, दीड वर्षाच्या नातीला घेऊन. आजवर सगळे पापे फोनच्या काचेवर. निश्चय: विमानतळावर नात सगळ्यांत आधी माझ्या कडेवर यायला हवी. व्याह्यांच्या नव्हे. हे गृहस्थ तिला फोनवर शिट्ट्या वाजवून दाखवतात. पोरकटपणा!

४ तारीख, मंगळवार
तिकीट म्हणतं प्रवास चौदा तास. छापलेल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. स्वतःचं स्टेशनरीचं दुकान आहे. न खपलेला ग्लोब घरी आणला. बायकोच्या विणकामातली लोकर तिकडच्या विमानतळापासून इकडच्यापर्यंत लावली, कापली. मग पट्टीवर चांगली खेचून, ताणून मोजली. आपल्याकडे ढिलं काम नाही. अंतर साडेतेरा हजार किलोमीटर! ताशी आठशेने सतरा तास. म्हणजे विमान सकाळी दहाला नाही, दुपारी एकला.
बायको म्हणाली, विमान कंपनीला स्वतःचं विमान किती वेळ उडतं ते कळत नसेल का? भोळी आहे बिचारी.

६ तारीख, गुरुवार
नातीला उचलायचा सराव. कागदाचा गठ्ठा कडेवर घेऊन दुकानात फेऱ्या. कंबरेत उसण भरली. गठ्ठाच जड होता.
शिट्टीही वाजवून पाहिली, सहज. नुसती हवा.

८ तारीख, शनिवार
व्याह्यांना फोनवर माझं गणित समजावलं. हसले. म्हणाले, आम्ही आपली तिकीट बघून जाणारी साधी माणसं. बायकोही त्यांच्याच गाडीतून जाणार म्हणे. जा! बसा तीन तास खुर्च्या झिजवत.

९ तारीख, रविवार, सकाळ
फुगा आणला. फोन बंद केला. आज लोकांचे सल्ले नकोत.

दुपारी साडेबारा, विमानतळ
अर्धा तास आधी हजर. दाराशी पहिला मीच! व्याही, बायको कुठेच नाहीत. कंटाळून गेले असणार.

दीड
चौकशीवाली बाई म्हणते, ते विमान दहाच्याही आधी उतरलं. दुसरं एखादं असेल.

दुपारी चार, घर
दुसरं नव्हतं.
नात व्याह्यांच्या कडेवर, ओठांचा चंबू करून फू फू करत होती. मला पाहून त्यांच्या खांद्यात तोंड लपवलं. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू?
फुगा दिला, नको. मग माझ्या खिशातून लोंबणारी ती मोजणीची लोकर दिसली. आली, एक टोक धरून ओढलं. लांबली. सोडलं, आखडली. खदखदून हसली. पुन्हा ओढलं. पुन्हा लांबली.
सगळे माझ्याकडे पाहायला लागले. लेकीने कपाळावर हात मारला. बायको म्हणाली, तरीच बाहीला लोकर कमी पडली!
नात लोकर ओढत ओढत शेवटी माझ्या मांडीवर चढली. उसण जाम ठणकली. उतरवलं नाही.

१० तारीख, सोमवार
पुढच्या महिन्यात लेक-नात परत जाणार. विमानतळावर सोडायला मीच जाणार.
किती वाजता निघायचं ते व्याह्यांना विचारून ठेवलंय.